वीस फेऱ्यांना पावणेएकोणपन्नास: सातारा एमआयडीसीतल्या एका गॅरेजचा अनुभव

माझ्या जुन्या जीपचं दुखणं ज्या गॅरेजनं शोधलं त्याचा पत्ता आधी सांगतो, कारण तिथं पाटी नाही. सातारा एमआयडीसीत शिरून कोडोलीच्या बाजूला गेलं की पत्र्याचं एक लांबट शेड लागतं. दारात जुन्या जीपचे दोन-तीन ॲक्सल हाऊसिंग (दोन चाकांमधली लोखंडी खोळ) पडलेले असतात आणि भिंतीला प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनाचा जोर ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या लांब नळ्या) उभे करून ठेवलेले असतात. कुणालाही ‘जीपवाले मिस्त्री’ म्हणून विचारा, बरोबर तिथंच आणून सोडतील. रविवारी आणि अमावस्येला बंद असतं.

मी परळी खोऱ्यातला. रोज पहाटे ठोसेघर-चाळकेवाडीच्या पठारावर जाऊन वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करतो आणि खाली आणतो. चाळीस लिटरचे पंधरा कॅन असतात. भरले की नुसतं दूधच सहाशे किलोच्या वर जातं, कॅनचं वजन वेगळं. उन्हाळ्यात कुठलीही गाडी हे काम करेल. जून लागला, धुकं उतरलं आणि पवनचक्क्यांकडं जाणारे कच्चे रस्ते लाल चिखलानं भरले, की मग फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी लागतेच. दूध थांबत नाही. गाडी एक दिवस अडकली तर तीस घरांचं दूध नासतं. माझी धडपड एवढ्यासाठी होती.

गाडी म्हणजे जुन्या महिंद्रा जीपच्या चॅसीवर हौदा बांधलेला पिकअप. डीआय डिझेल इंजिन, चार गिअर, एमएच-११ पासिंग. यंदा उन्हाळ्याआधी मी ती घेतली तेव्हा तिला ३१ इंची टायर होते आणि नक्षी अजून चांगली होती. खरं सांगायचं तर टायर बघूनच मी सौदा केला. पुढचा प्रॉपेलर शाफ्ट मात्र काढून हौद्यात ठेवलेला होता. विकणारा म्हणाला, “शाफ्ट काढला की ॲव्हरेज वाढतं. पावसाळा आला की चार बोल्ट लावा, झालं.” मला ते पटलं. उन्हाळाभर गाडी मागच्या दोन चाकांवरच चालली. बोरणे घाटात भरल्या गाडीला दुसऱ्याच गिअरात रडत चढावं लागायचं आणि थांबून पुन्हा उचलायची वेळ आली की क्लचचा वास यायचा. ते मी जुन्या इंजिनाच्या नावावर घातलं.

यंदा जूनमध्ये गावातच शाफ्ट बसवून घेतला आणि तिथून त्रास सुरू झाला. चिखलात फोर-बाय टाकलं की गाडी पुढं ओढण्याऐवजी कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी चालायची. स्टिअरिंग वळवलं तरी नाक सरळच जायचं. चिखल संपून डांबरीवर आलो की फोर-बायचा दांडा निघायचाच नाही. दोन हातांनी ओढला तरी नाही. मग चार-पाच हात गाडी रिव्हर्स घ्यायची, की टक् करून सुटायचा. तिसऱ्या आठवड्यात सज्जनगड फाट्याच्या वर पुढच्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे टोकाचा सांधा, फुटला. त्या दिवशी दूध दुसऱ्याच्या गाडीत घालून खाली पाठवलं.

सुरुवातीला मी दुसऱ्या एका गॅरेजला गेलो होतो. त्यांनी दांडा हलवून बघितला, गाडी थोडी पुढंमागं घेतली आणि सांगितलं की ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या शाफ्टला वाटणारी पेटी) गेली, उघडून आतले गिअर-बेअरिंग बदलावे लागतील, १८,००० रुपये तयार ठेवा. गाडीखाली कुणी गेलंसुद्धा नाही. मी पैसे जमवायला लागलोही होतो. तेवढ्यात दूध संघावर भेटणाऱ्या एका टँकर ड्रायव्हरनं या मिस्त्रींचं नाव काढलं.

मिस्त्री साठीच्या पुढचे असतील. माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग एवढंच म्हणाले, “पाव्हणं, ट्रान्सफरला हात लावायचा न्हाय. आधी फेऱ्या मोजू.”

हे मोजणं मी जन्मात विसरणार नाही आणि प्रत्येक जीपवाल्यानं ते शिकून घ्यावं असं मला वाटतं, कारण याला जॅक, खडू आणि दोन माणसं सोडून काहीच लागत नाही. गाडी न्यूट्रलला, फोर-बाय काढलेलं, बाकी चाकांना दगड. मागचं एकच चाक जॅकवर उचललं. चाकावर खडूची एक रेघ, शाफ्टवर एक रेघ. गॅरेजातला पोरगा खाली झोपून शाफ्टच्या फेऱ्या मोजणार आणि मी चाक हातानं वीस वेळा फिरवणार. एकच चाक उचललेलं आणि दुसरं जमिनीवर अडकलेलं असलं की डिफरन्शियलमुळं (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी ॲक्सलमधली गिअरांची जुळणी) चाकाच्या दोन फेऱ्यांना क्राऊन, म्हणजे ॲक्सलमधला मोठा गिअर, एकदाच फिरतो. म्हणजे चाकाच्या वीस फेऱ्या ह्या क्राऊनच्या दहा. शाफ्टच्या फेऱ्यांना दहानं भागलं की गाडीचा रेशो हातात, म्हणजे क्राऊनच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या लागतात तो आकडा.

मागं वीस फेऱ्यांना शाफ्ट पावणेएकोणपन्नास वेळा फिरला. दहानं भागलं की ४.८७५, यालाच बाजारात ४.८८ म्हणतात. क्राऊनला ३९ दात, त्याला फिरवणाऱ्या शाफ्टकडच्या छोट्या गिअरला, पिनियनला ८.

मग तेच पुढच्या चाकाला. पोरगा खालून मोजत होता आणि पन्नासच्या पुढं गेल्यावर माझ्या पोटात गोळा आला. पावणेचोपन्न. म्हणजे ५.३७५, बाजारात ५.३८. क्राऊनला ४३ दात, पिनियनला ८.

मिस्त्रींनी खडूनं फरशीवर दोन्ही आकडे लिहिले आणि म्हणाले, “एका गाडीला दोन बापांची ॲक्सलं.”

जुन्या जीपांत हे दोन्ही आकडे फिरतात. महायुद्धातल्या विलीज एमबीला ४.८८ होता आणि पुढं भारतात महिंद्रानं बनवलेल्या सीजे-३बीला ५.३८. पुढचा ॲक्सल कधीतरी खराब झाला असणार आणि मागच्या कुणा मालकानं भंगारातून मिळेल तो आणून बसवला असणार. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. शाफ्ट काढून ठेवला होता तोवर कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

आता हे इतकं नडतं कसं, ते मिस्त्रींनी ज्या पद्धतीनं समजावलं तसंच लिहितो. फोर-बाय टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांना बांधले जातात, दोघांना एकाच वेगानं फिरावं लागतं. पण पुढच्या चाकाला एका फेरीसाठी शाफ्टच्या पाच फेऱ्या आणि वर थोडं लागतं, मागच्याला पाचालाही थोडं कमी. मग मागची चाकं १० मीटर जातात तेवढ्यात पुढची चाकं ९ मीटर ७ सेंटिमीटरच फिरतात. उरलेलं ९३ सेंटिमीटर कुठं जायचं? ते टायर घासून भरून निघतं. चिखलात घसरायला जागा असते म्हणून गाडी कशीबशी चालते, पण पुढची चाकं सतत ब्रेकचं काम करतात. डांबरीवर घसरायला जागाच नसते, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये आणि गिअरच्या दातांत साठतो. दोरीला पीळ बसल्यावर गाठ सुटत नाही, तसा दांडा सुटत नव्हता. रिव्हर्स घेतलं की पीळ उलगडायचा. ट्रान्सफर केस बिचारी चांगली होती. मी तिच्यावर १८,००० घालणार होतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा क्रॉस फुटला असता.

दोन ॲक्सल सारखे करायचे हे ठरलं. पण कुठल्या आकड्याला सारखे करायचे? इथं टायरचा विषय आला आणि इथंच मला या माणसाची किंमत कळली.

मिस्त्रींकडं ४.८८ चा पुढच्या ॲक्सलचा जुना क्राऊन-पिनियन सेट पडून होता. ५,००० रुपयांत देतो म्हणाले असते तर मी तिथल्या तिथं हो म्हटलं असतं, दोन दिवसांत काम झालं असतं आणि त्यांचा पडून असलेला माल गेला असता. मी स्वतःच विचारलं. ते म्हणाले, “सेट हाय माझ्याकडं, पण तुमाला देणार न्हाय. तुमचं टायर मोठं हायती.”

मग त्यांनी टायर मोजायला लावले. टायरच्या बाजूला लिहिलेला आकडा त्यांनी घेतला नाही, कारण वजनाखाली टायर बसतो आणि छापलेल्या आकड्यापेक्षा खरी फेरी थोडी कमी भरते. टायरवर खडूची खूण केली, फरशीवर खूण केली, गाडी ढकलून चाकाची पूर्ण एक फेरी करवली आणि टेप लावला. ३१ इंची टायर एका फेरीला २ मीटर ४२ सेंटिमीटर चालला. माझी स्टेपनी जुन्या जीपच्या मूळ मापाची, ६.००-१६ ची होती. ती बसवून बघितली तर २ मीटर २४ सेंटिमीटर. म्हणजे मोठा टायर एका फेरीला आठ टक्के जास्त रस्ता कापतो. ऐकायला चांगलं वाटतं, पण तो जास्तीचा रस्ता इंजिनाला ओढावा लागतो. मोठा टायर घातला म्हणजे गाडीचा प्रत्येक गिअर आठ टक्के उंच झाला, म्हणजे वेग वाढला पण ओढायचा जोर घटला, पहिला गिअर पहिला राहिला नाही.

हिशोबाची त्यांची युक्ती फार सोपी आहे. ६० च्या वेगानं गाडी मिनिटाला बरोबर १,००० मीटर जाते. १,००० ला चाकाच्या एका फेरीच्या मीटरनं भागायचं आणि रेशोनं गुणायचं. टॉप गिअर डायरेक्ट असला, म्हणजे त्यात शाफ्ट इंजिनाच्याच वेगानं फिरत असला, की तेच इंजिनाचे आरपीएम. मूळ टायर आणि ४.८८ असताना माझी गाडी ६० ला साधारण २,१७५ वर चालायची. मोठे टायर आणि ४.८८ म्हणजे २,०१५. मोठे टायर आणि ५.३८ केलं तर २,२२०. मूळ आकड्याच्या अगदी जवळ कोण येतं ते फरशीवरच दिसत होतं. मला आणखी एक गुणाकार करून दाखवला: ४.८७५ ला २.४२ नं गुणून २.२४ नं भागा, उत्तर ५.२७ येतं. मोठ्या टायरला खरं तर एवढा रेशो हवा आणि मिळणाऱ्या सेटमध्ये त्याला सगळ्यात जवळचा ५.३८. पुढं तो आधीच बसलेला होता. मागचा बदलायचा.

बोरणे घाटातलं रडणं, क्लचचा वास, सगळ्याचं उत्तर त्या एका ओळीत होतं. इंजिनाला मी इतके दिवस विनाकारण दोष दिला.

सगळीकडचे ४.८८ करून मूळचे लहान टायर घालायचे, हाही एक रस्ता त्यांनी सांगितला. ज्याची गाडी रोज सातारा-कराड महामार्गावर धावते त्यानं तोच घ्यावा असं म्हणाले. माझ्यासाठी त्यात दोन गोष्टी नडत होत्या. नवे टायर घ्यावे लागले असते. आणि हाऊसिंग जमिनीपासून तीन सेंटिमीटर खाली आलं असतं. लोक स्प्रिंगखाली ठोकळे घालून गाडी उचलतात, पण त्यानं फक्त बॉडी वर जाते. हाऊसिंगचा गोळा दगडावरून वर उचलतो तो फक्त टायर. पठारावरच्या जांभ्याच्या वाटेवर तीन सेंटिमीटर ही मोठी गोष्ट आहे.

नव्या गाडीवाल्यांनी हे जुन्या जीपचं दुखणं समजू नये. माझ्या भाच्याकडं २०१६ ची थार सीआरडीई आहे, कंपनीचा टायर २३५/७० आर १६. ह्या आकड्यांचा अर्थ असा: रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ७० टक्के म्हणजे १६४.५, ती वर-खाली दोनदा धरायची, त्यात १६ इंची रिमचे ४०६ मिलिमीटर मिळवायचे. झाले ७३५. त्याला २६५/७५ आर १६ घालायचे होते, त्यांचा व्यास ८०४ येतो. नऊ टक्के फरक. टायर विकणाऱ्यानं त्याला फक्त मडगार्डला घासेल का एवढंच सांगितलं होतं, रेशोचं नावही काढलं नव्हतं. शिवाय टायर मोठा झाला की ब्रेकलाही तेवढंच जास्त बळ लागतं, ड्रम किंवा डिस्क तीच राहते. मी त्याला थांबवलं. कागदावरच्या मापापेक्षा वेगळा टायर घालायचा तर आरटीओत आधी विचारून घ्या, हेही सांगितलं.

आता कामाबद्दल.

४३-८ चा क्राऊन-पिनियन सेट कोल्हापूरहून मागवला. क्राऊन आणि पिनियन ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असते आणि दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. मिस्त्रींनी डबा फोडायच्या आधी मला दोन्ही नंबर वाचायला लावले. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन असा सेट कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. मागचं हाऊसिंग उघडल्यावर एक गोष्ट चांगली निघाली, आतला डिफरन्शियलचा केस ५.३८ लाही चालत होता. ४.८८ आणि ५.३८ एकाच केसवर बसतात, त्यामुळं तो खर्च वाचला.

पिनियन किती खोल बसवायचा हे शिमांवर ठरतं. कागदासारख्या पातळ चकत्या असतात त्या, मायक्रोमीटरनं मोजून घालतात. मग क्राऊनच्या दातांना निळा रंग लावायचा, हातानं फिरवायचं आणि पिनियन दातावर कुठं टेकतो ते रंगाच्या खुणेवर बघायचं. पहिल्या दिवशी खूण दाताच्या टाचेकडं, म्हणजे बाहेरच्या टोकाकडं आली. खोललं, शिम बदलली. दुसऱ्यांदा खूण मुळाशी गेली. पुन्हा खोललं. तिसऱ्यांदा खूण दाताच्या मधोमध आली, लांबट, काकडीच्या बीसारखी. तेव्हा कुठं त्यांनी डायल गेज लावून बॅकलॅश, म्हणजे दोन गिअरांच्या दातांमधली ढिलाई, बघितला, आठ थाऊ. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पाच ते दहामध्ये हवा असं म्हणाले. बरेच मिस्त्री हातानं हलवून ‘प्ले बराय’ म्हणतात आणि झाकण लावतात. मग महिन्याभरात मागून भोंग्यासारखा आवाज सुरू होतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं नवा सेटच खराब. तीनदा खोलणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. त्याच्या मजुरीत तिसऱ्या वेळचे पैसे नव्हते.

खर्च असा झाला: क्राऊन-पिनियन ११,५००, बेअरिंगं ४,८००, सील-गॅस्केट-शिम ९५०, गिअर ऑइल १,१००, मजुरी ७,०००. एकूण २५,३५० रुपये. पहिल्या गॅरेजच्या १८,००० पेक्षा हे जास्त आहे, हे मला मान्य. पण त्या १८,००० मध्ये दुखणं तसंच राहिलं असतं.

सगळं गोड नव्हतं, तेही लिहितो. पाच दिवस सांगितले होते, अकरा लागले. सेट यायला उशीर झाला हे खरं, पण ते मला कुणी फोन करून कळवलं नाही. मी फोन केला तर उचलला जात नव्हता. त्या अकरा दिवसांत भाड्याच्या गाडीचे पैसे मी रोज मोजत होतो. मिस्त्री कामात हात काळे असताना फोन घेत नाहीत, हे नंतर कळलं. पण एखाद्या पोराला सांगून निरोप देता आला असता. दुसरं, बिल वहीच्या फाडलेल्या पानावर मिळतं. पार्टचे नंबर त्यावर लिहून मागितले तेव्हा लिहून दिले. तिसरं, गाडी नेल्यावर चौथ्या दिवशी पिनियनच्या सीलमधून तेल ओलसर दिसायला लागलं. परत नेली तर एक शब्द न बोलता, पैसे न घेता सील बदललं. एवढ्या बारकाईनं काम करणाऱ्याच्या हातून सील तिरकं बसावं याचं मला वाईट वाटलं, आणि ते त्यांनाही वाटलेलं दिसत होतं.

गाडी हातात देताना सांगितलं: पहिल्या दिवशी रिकामी, वीस-पंचवीस किलोमीटर, मग अर्धा तास थंड होऊ द्यायची. असं दोन-तीनदा. ८०० किलोमीटरपर्यंत पूर्ण भार नाही, कुणाला ओढणं नाही. नवे दात एकमेकांवर बसताना तापतात आणि जास्त तापले की त्यांचा कठीणपणा जातो. ८०० ला तेल बदलायचं. मी आठवडाभर दहाच कॅन नेले, उरलेल्या दुधाला दुसरी फेरी मारली. आणखी एक सांगितलं, की मोठ्या रेशोच्या सेटमध्ये पिनियन अंगानं बारीक असतो, म्हणून चिखलात चाक फिरत असताना एकदम क्लच सोडून झटका द्यायचा नाही.

आता गाडी कशी चालते? भरल्या गाडीनं बोरणे घाट तिसऱ्यात निघतो, दोनच वळणांना दुसरा लागतो. चढावर थांबून उचलताना क्लच अर्धवट धरून ठेवावा लागत नाही. उतारावर तर फरक जास्त जाणवतो. पूर्वी सहाशे लिटर दूध मागं डुचमळत असताना सगळा उतार ब्रेकवर काढावा लागायचा, आता गिअरच गाडी धरून ठेवतो. आणि फोर-बाय! चाळकेवाडीच्या पुढं जिथं पुढची चाकं ब्रेकसारखी धरायची, तिथं गाडी चारही पायांनी चालत निघते. डांबरीवर आलो की दांडा दोन बोटांनी निघतो. पहिल्या दिवशी मी तो तीनदा टाकून तीनदा काढून बघितला.

महामार्गावर मात्र ही गाडी आता सत्तरच्या वर न्यायची नाही. ८० ला इंजिन जवळजवळ ३,००० आरपीएमवर जातं, बोलणं ऐकू येत नाही. माझं काम घाटातलं आहे, मला चालतं.

ॲव्हरेजबद्दल सगळे विचारतात, तर तिथं एक फसगत आहे. जीपच्या स्पीडोमीटरची वायर ट्रान्सफर केसवरून येते, चाकावरून नाही. त्यामुळं टायर किंवा रेशो बदलला की मीटर खोटं बोलतं. पूर्वी मीटर ५० दाखवायचं तेव्हा फोनवर ५४ असायचं. आता मीटर ५० दाखवतं तेव्हा फोनवर ४९ असतं, म्हणजे मीटर जवळजवळ खरं झालं. किलोमीटरही त्याच हिशोबानं मोजले जातात. मीटरवर बघाल तर ॲव्हरेज १०.६ वरून ११.४ वर गेलं. पण खरे किलोमीटर धरले तर आधी साधारण साडेअकरा मिळत होतं आणि आता अकराच्या थोडं वर. म्हणजे थोडं घटलंच. रेशो बदलून डिझेल वाचतं असं कुणी सांगितलं तर त्याला आधी मीटर कसं मोजलं ते विचारा. क्लच प्लेट मात्र वाचणार, क्रॉस वाचणार.

टायरचं एक काम अजून चालू आहे. ॲक्सल सारखे झाले तरी चार टायर चार मापांचे असतील तर तोच पीळ थोड्या प्रमाणात परत येतो. एका टायरची नक्षी दुसऱ्यापेक्षा पाच मिलिमीटर जास्त झिजली असेल तर व्यासात एक सेंटिमीटर फरक पडतो, म्हणजे शंभर मीटरला सव्वा मीटर. म्हणून दर पाच हजार किलोमीटरला पुढचे मागं, मागचे पुढं करतोय. जुनी लहान स्टेपनी काढून टाकली. मागच्या ॲक्सलवर एक चाक २.४२ चं आणि एक २.२४ चं असलं तर सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला सतत आत फिरत राहावं लागतं. साताऱ्यातच ३१ इंची एक वापरलेला टायर शोधून घेतला, नक्षी बाकीच्या चारांएवढीच झिजलेली बघून.

८०० किलोमीटर झाल्यावर तेल बदलायला गेलो तेव्हा पाऊस कोसळत होता, शेडच्या पत्र्यावर काही ऐकू येत नव्हतं. ड्रेन प्लगला चुंबक असतं, त्याला राखाडी पेस्ट चिकटली होती. मिस्त्रींनी ती दोन बोटांत घेऊन चोळली, दिव्याखाली धरली, मग माझ्या बोटावर लावली आणि मलाही चोळायला सांगितलं. तुपासारखी मऊ होती, एकही कण टोचला नाही. तेल भरलं, प्लग आवळला. तेलाचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही, आणि म्हणाले, “आता भरा पंधरा कॅन.”